पाच ठोक्यांचे यंत्र : एका मनगटी घड्याळाचा इतिहास

म्हैसूर शहरी प्रथमच येणाऱ्या मराठी पाहुण्यास आपण राजवाडा दाखवितो, चामुंडीची टेकडी दाखवितो, देवराज मार्केटातील फुलांचे ढीग दाखवितो. परंतु या शहरातील दोन घड्याळांकडे त्याचे लक्ष वेधावे असे आपल्या सहसा मनात येत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव धारण करणाऱ्या मार्गावर, देवराज मार्केटजवळ जो बसका मनोरा उभा आहे, तो 'चिक्क गडियार', म्हणजे लहान घड्याळ. लॉर्ड डफरिन यांच्या भेटीचे स्मारक म्हणून १८८६ साली तो उभारला गेला. राजवाड्याच्या उत्तरेस असलेला दुसरा, ७५ फूट उंचीचा मनोरा म्हणजे 'दोड्ड गडियार', मोठे घड्याळ. नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या राज्यकारभारास पंचवीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९२७ साली, राजवाड्यातील सेवकांनी वर्गणी काढून तो बांधविला. त्याच्या तबकडीवरील आकडे कन्नड आहेत.

धन्याच्या रौप्यमहोत्सवाचे स्मारक म्हणून घड्याळच उभारावे हे त्या सेवकांस सुचले, यात मोठे औचित्य आहे. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्हीही घड्याळाविषयीच लिहिण्याचे योजिले आहे. मात्र ते मनोऱ्यावरचे नव्हे, मनगटावरचे. त्याचे यंत्र निकामी झाले, त्या जागी दुसरे कोणते बसवावे असा प्रश्न आम्हां भावंडांपुढे उभा राहिला, आणि त्या प्रश्नाचा माग काढीत गेलो असता, एका घड्याळाच्या पोटात केवढा इतिहास बसलेला असतो याचा प्रत्यय आला. तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे वडील सांगलीकडचे. १९७० नंतरच्या काही वर्षांत नोकरीनिमित्त ते म्हैसुरास आले. भाषा अनोळखी, जेवणातली आमटी अनोळखी, आणि बसवरची पाटी वाचता येत नाही, अशा अवस्थेत पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकून त्यांनी येथे जी पहिली टिकाऊ वस्तू खरेदी केली, ती म्हणजे एचएमटी कंपनीचे 'जनता' घड्याळ. रोज सकाळी आंघोळ आणि देवपूजा झाली की ते घड्याळास चावी देत आणि मगच ते मनगटावर चढवीत. चावीचा तो कर्रर्र आवाज आणि उदबत्तीचा वास आमच्या आठवणीत एकत्रच राहिला आहे. वडिलांच्या पश्चात घड्याळ कपाटात पडून राहिले. म्हैसूरचे पावसाळे त्याने बंद डबीत काढले, आणि जेव्हा पुन्हा हाती घेतले तेव्हा चावी फिरेना.

'घड्याळ' हा शब्द आपल्या घटिकेच्या कुळातला. अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे. म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची व एक पळ २४ सेकंदांचे. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी सोडावयाची आणि ती बुडाली की घटिका भरली असे समजावयाचे, ही रीत लग्नघरांत पुष्कळ काळ टिकून होती. कन्नडातील 'गडियार' आणि मराठीतील 'घड्याळ' शेजारी ठेवून पाहिले तर दोन्ही भाषांनी काळ मोजण्याचे साधन एकाच घरातून उचलले असावे हे कानालाच जाणवते.

मराठी मनगटावर घड्याळ आले ते मुंबईच्या वाटेने. फेवर ल्युबा या स्विस पेढीचा हिंदुस्थानातील व्यापार १८६० नंतरच्या दशकात सुरू झाला. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ च्या सुमारास मुंबईत उभी राहिली. तिचे 'सोवार' घड्याळ, म्हणजे आपल्या 'स्वार' शब्दाचेच रूप, लष्करी शिपायांत आणि रेल्वेच्या नोकरदारांत नावाजले गेले. त्या काळी घड्याळ असणे आणि वेळ ठाऊक असणे या दोन गोष्टीही वेगळ्या होत्या. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. स्टेशनावर एक वेळ, शहरात दुसरी, असा संसार त्या पिढीने केला.

ही सगळी घड्याळे परदेशी होती. घरात एखादेच असे. ते मुंजीत, लग्नात किंवा सेवानिवृत्तीच्या समारंभात मिळे आणि आजोबांकडून नातवाकडे जाई. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध आले, आणि घड्याळ ही चोरट्या मालात मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणारी वस्तू झाली.

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरले पाहिजे. आपण बोलताना ज्याला 'घड्याळाचे मशीन' म्हणतो, त्यात चावी दिली की पोलादाची लांब पट्टी एका डबीत गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते आणि दातेरी चाकांची रांग फिरवू लागते. ही ताकद मोकळी सोडली तर काही क्षणांत संपून जाईल. तिला अडवून थेंबाथेंबाने सोडणारा एक पहारेकरी लागतो. हे काम बॅलन्सचे चाक आणि त्याच्या मध्याशी असलेली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग करते. ही स्प्रिंग घड्याळात आणण्याचे श्रेय १६७५ सालच्या डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांना दिले जाते. चाक एकदा इकडे, एकदा तिकडे हेलकावते. दर हेलकाव्याला एक दात सुटतो आणि आपल्याला 'टिक्' ऐकू येते. तोच एक ठोका.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक चांगल्या मनगटी घड्याळांत हे ठोके तासाला १८,००० पडत. म्हणजे सेकंदाला पाच. आज ज्यांस मंद ठोक्यांची यंत्रे म्हणतात ती हीच. दिवसाचा हिशेब केला तर ४,३२,००० ठोके होतात. आपल्या पुराणांनी कलियुगाची वर्षेही तेवढीच सांगितली आहेत! पुढे २१,६०० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला सहा ठोक्यांची यंत्रे रूढ झाली. आणि अहोरात्रात माणूस २१,६०० श्वास घेतो असे आपली योगपरंपरा म्हणते. स्विस कारागिरांनी काही आपले ग्रंथ वाचले नव्हते. साठाच्या पाढ्यात काळ मोजणाऱ्या सर्वांना हे आकडे कोठे ना कोठे भेटतातच. तरीही हा हिशेब करताना आम्हांस मौज वाटली हे कबूल केले पाहिजे.

ठोके मंद असण्याचे काही लाभ आहेत. चाकांची झीज कमी होते, कमानीवर ताण कमी येतो, तेल थोडे दाट झाले तरी यंत्र तग धरते. तोटाही आहे. मंद हेलकावणाऱ्या चाकाला मनगटाचा हिसका बसला तर त्याची लय अधिक बिघडते. वेगाने हेलकावणारे चाक तोच हिसका सहज पचविते. म्हणून जगातील कारखाने ठोके वाढवीत गेले. २१,६०० नंतर २८,८०० आले, आणि १९६० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंड व जपान या दोन्ही देशांत तासाला ३६,००० ठोक्यांची मनगटी घड्याळे निघाली. ही शर्यत ऐन रंगात असताना तिचे मैदानच कोणी काढून घेतले. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस काढले. पुढे सर्वत्र प्रमाण ठरलेल्या क्वार्ट्झ यंत्रातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याच्यापुढे पाच काय आणि दहा काय!

या सगळ्या घडामोडींत भारताची, आणि विशेषतः तेव्हाच्या म्हैसूर राज्याची, गोष्ट निराळ्या वाटेने गेली. हिंदुस्तान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना १९५३ साली बंगळूरजवळ जलहळ्ळी येथे सुरू झाला तो यंत्रे घडविणारी यंत्रे करण्यासाठी. त्याच कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून घड्याळांचा विभाग काढला, आणि १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि हिमालयाच्या पायथ्याचे राणीबाग येथेही कारखाने झाले. घड्याळांना नावे दिली ती आपल्या तोंडी बसणारी : जनता, जवान, पायलट, सोना, कोहिनूर, रजत, कांचन, सुजाता. लग्नात जावयाला कांचन मिळाले की नाही, यावरून रुसवे-फुगवे झाल्याच्या गोष्टी वाचकांपैकी अनेकांनी ऐकल्या असतील. हवे ते घड्याळ हवे तेव्हा मिळत नसे. दुकानात नाव नोंदवून वाट पाहावी लागे.

'जनता' हे त्यातले साधे, हाताने चावी देण्याचे, तारीख-वार काही न दाखविणारे घड्याळ. त्याच्या पोटातील यंत्राचा क्रमांक ०२३१. ठोके तासाला १८,०००, खडे १७. हे सतरा खडे कोठे असतात हे आमच्या येथील घड्याळजींनी आम्हांस बोटावर मोजून दाखविले : बॅलन्सच्या दोन टोकांशी चार, त्याला धक्का देणारा एक, लंगराच्या दोन दातांवर दोन, लंगराच्या आसाला दोन, आणि पुढच्या चार चाकांना प्रत्येकी दोन. म्हणजे जेथे जेथे घर्षण होते तेथे तेथे कृत्रिम माणिक बसविले होते. शोभेसाठी एकही नव्हते. स्वित्झर्लंडात १८६७ साली रॉसकॉफ नावाच्या कारागिराने मजुराला परवडेल असे घड्याळ केले, तेव्हा खर्च वाचविण्यासाठी लंगराचे खडे काढून तेथे पोलादी खुंट्या बसविल्या होत्या. 'जनता' हे नाव घेऊनही जलहळ्ळीच्या घड्याळाने ती काटकसर केली नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच. हेच ०२३१ यंत्र 'जनता'त होते, 'पायलट'मध्ये होते, 'जवान'मध्येही होते. तबकडी बदले, काटे बदलत, केस बदले. आतले यंत्र तेच. त्यामुळे तालुक्याच्या गावातील घड्याळजीही एकाच प्रकारचे सुटे भाग बाळगून अनेक प्रकारची घड्याळे दुरुस्त करू शके. एका घड्याळाचे चाक दुसऱ्याला चाले. देशभर वेळ एकसारखी करावयाची तर घड्याळेही एकमेकांना उपयोगी पडतील अशी हवीत, हा विचार त्यामागे कोणी बोलून दाखविला असो वा नसो, प्रत्यक्षात तसे घडले खरे.

पुढची हकीकत सर्वांच्या डोळ्यांदेखतची आहे. १९८४ साली टाटा आणि तामिळनाडू सरकारची संस्था यांनी मिळून टायटन कंपनी काढली. बंगळूरपासून फार दूर नसलेल्या होसूर येथे कारखाना झाला आणि १९८७ पासून तिची देखणी क्वार्ट्झ घड्याळे दुकानांत दिसू लागली. रोज चावी देण्याचा नेम कोणाला नको होताच. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळे केली, पण उशीर झाला होता. तोटा साचत गेला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिली. ज्या यंत्राच्या सुट्या भागांची देशात कधी वाण नव्हती, त्याचे नवे भाग निघणेच थांबले.

अशा स्थितीत आम्ही वडिलांचे घड्याळ घेऊन घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले आणि काही न बोलता भिंग आमच्या हाती दिले. चावीच्या बाजूचे सारे भाग गंजाने तांबूस झाले होते, स्क्रूंची डोकी झडली होती, बॅलन्सचा आस मोडला होता आणि हेअरस्प्रिंगचा गुंता झाला होता. 'एक-दोन भाग बदलून भागायचे नाही,' ते म्हणाले, 'मशीनच बदलावे लागेल. कोणते बसवू ते तुम्ही सांगा.'

तीन वाटा होत्या. पहिली, क्वार्ट्झचे यंत्र. सर्वांत स्वस्त, सर्वांत बिनचूक. दीड-दोन वर्षांनी सेल बदलला की झाले. परंतु सेकंदकाटा सेकंदाला एकच उडी मारील आणि चावीचे बटण केवळ काटे फिरविण्यापुरते उरेल. धाकट्या भावाचे म्हणणे पडले की वेळ कळणे महत्त्वाचे. बाबाही व्यवहारी होते, त्यांनी हेच केले असते. या म्हणण्यास आमच्यापाशी चोख उत्तर नव्हते.

दुसरी वाट, नवे परंतु चावीचे यंत्र. जपानी आणि चिनी कारखाने अशी यंत्रे आजही करतात. त्यांतील बहुतेक २१,६०० ठोक्यांची असतात, तर स्विस यंत्रे बहुधा २८,८०० ची. खास १८,००० ठोक्यांची नवी यंत्रे आता थोडी, आणि त्यांतील एक नावाजलेले स्विस यंत्र मूळचे खिशातल्या घड्याळांच्या घाटाचे, ३६ मिलिमीटरहून रुंद. ते जनताच्या केसमध्ये मावणेच अशक्य. यंत्र बदलताना काय काय जुळावे लागते याची यादी घड्याळजींनी ऐकविली तेव्हा आमचे डोळे उघडले. यंत्राचा व्यास, जो घड्याळजी अजूनही 'लिन्य' या जुन्या फ्रेंच मापात मोजतात (एक लिन्य म्हणजे सुमारे सव्वादोन मिलिमीटर). जाडी, नाही तर मागचे झाकण बसत नाही. तबकडीच्या पाठीवरील दोन बारीक पायांची जागा. चावीच्या दांडीची उंची, नाही तर ती केसच्या छिद्रासमोर येत नाही. आणि तिन्ही काट्यांच्या भोकांची मापे. यातील एक जरी चुकले तरी तबकडीचे पाय छाटावे लागतात, केस कोरावी लागते, काटे नवे घालावे लागतात. मग मूळचे उरते काय?

आम्ही एक भाबडी शंका विचारली : नव्या यंत्राचा नुसता बॅलन्स काढून जुन्यात बसविला तर? घड्याळजी हसले. यंत्राची चाके ठोक्यांच्या हिशेबानेच कापलेली असतात. अठरा हजारांच्या चाकांवर एकवीस हजार सहाशेचा बॅलन्स कसाबसा बसविलाच, तर घड्याळ दर तासाला बारा मिनिटे पुढे पळेल. ठोका हा वरून चढविलेला दागिना नव्हे. सगळे यंत्र त्याच्याभोवती रचलेले असते.

तिसरी वाट, त्याच क्रमांकाचे जुने यंत्र मिळविणे. म्हणजे दुसरे एखादे ०२३१ चे घड्याळ घ्यावयाचे आणि त्याचे यंत्र काढून यात बसवावयाचे. सारी मापे आपोआप जुळतात, ठोके तेच राहतात. परंतु बाजारात फिरल्यावर कळले की जुन्या घड्याळांचा एक निराळाच धंदा आहे. भडक रंगाने नव्याने छापलेल्या तबकड्या, चार घड्याळांतून गोळा केलेले भाग, वर चकाकणारी काच. आत मात्र तेलाचा थेंब नाही. असे एक घड्याळ आम्ही टपालाने मागविलेही. त्याचा बॅलन्स सुस्तपणे हेलकावत होता आणि पुलावरचे स्क्रू तीन निरनिराळ्या घड्याळांचे होते. घड्याळजींनी ते बाजूला ठेवले व चांगले यंत्र कसे पारखावे ते सांगितले : क्रमांक पाहावा, गंज आहे का ते चावीच्या बाजूने पाहावे, हेअरस्प्रिंगची वेटोळी सपाट व समान अंतराची हवीत, पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्स दोन्ही बाजूंना पाऊण फेऱ्याच्या आसपास मोकळेपणाने वळावा, आणि ठोके मोजणाऱ्या उपकरणावर दोन ठोक्यांमधले अंतर समान दिसावे.

ही हकीकत मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात, मसाला दुधाचे पेले हाती असताना, सहज निघाली. शेजारी बसलेल्या एक काकू ऐकत होत्या. त्या आणि त्यांचे यजमान आमच्या आईवडिलांच्याच सुमारास म्हैसुरास आलेले. काका जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्या म्हणाल्या, 'यांचं पायलट आहे माझ्याकडे. स्कूटरवरून पडले तेव्हा काच फुटली, पट्ट्याचा कान तुटला. पण चालू होतं रे. मी अजून अधूनमधून चावी देते.'

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पाहावयास गेलो. काळी तबकडी, तडा गेलेली काच, एका बाजूने मोडलेली केस. आणि कानाला लावताच तोच पाच ठोक्यांचा आवाज. त्यात ०२३१ च होते. काकूंनी ते हातात घेतले, परत घेतले, आणि विचारले, 'मशीन काढलं की मग यांचं घड्याळ संपलं म्हणायचं का?'

या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. इतके दिवस आम्ही आमच्या घड्याळात काय उरेल याचाच विचार करीत होतो; ज्या घड्याळातून यंत्र काढले जाईल, तेही कोणाचे तरी असते, हे आमच्या ध्यानीच आले नव्हते. टपालाने मागविलेल्या त्या चकाकत्या घड्याळातले तीन निरनिराळे स्क्रू आठवले. तेही तीन माणसांच्या मनगटांवरून आलेले असणार. आम्ही काकूंना म्हटले, राहू द्या, आम्ही दुसरी सोय पाहतो. आणि घरी आलो.

आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. 'घेऊन जा. पण तुमच्या बाबांचं जुनं मशीन मला द्या. यांच्या डायलखाली बसवून द्यायला सांगा. दोन्ही सारखीच आहेत ना?'

होती खरीच सारखी. घड्याळजींनी काकांचे यंत्र उघडून स्वच्छ केले, तेल दिले, आणि ते आमच्या वडिलांच्या तबकडीखाली बसविले. एकही पाय छाटावा लागला नाही, एकही काटा बदलावा लागला नाही. मग आमच्या वडिलांचे गंजलेले यंत्र त्यांनी जमेल तेवढे पुसले आणि पायलटच्या काळ्या तबकडीखाली बसविले. तेही जेथल्या तेथे बसले. जलहळ्ळीच्या कारखान्यात ज्यांनी ही मापे ठरविली, त्यांच्या मनात दुरुस्तीची सोय असेल. आमच्यासारख्या दोन घरांची अशी सोय होईल हे त्यांस कोठून ठाऊक असणार?

आता काकूंच्या कपाटात काकांचे घड्याळ आहे. ते चालत नाही, परंतु त्याच्या आत आमच्या वडिलांचे यंत्र आहे. आमच्याकडील 'जनता' चालते; त्याच्या आत काकांचे यंत्र आहे. हे घड्याळ वडिलांचेच राहिले काय, असे आम्हांस कोणी विचारतात. धाकटा भाऊ म्हणतो की तबकडीवरचा तो पिवळट डाग बाबांच्या मनगटावरचाच आहे, म्हणून घड्याळ त्यांचे. बहीण म्हणते की ठोके काकांचे आहेत, म्हणून अर्धे तरी त्यांचे. आम्ही तूर्त दोघांचेही म्हणणे ऐकून घेतो.

घड्याळ अचूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. दिवसाकाठी ते पाऊण मिनिट मागे पडते, आणि मोबाइलवर वेळ पाहून ते लावून घ्यावे लागते. एका चावीत दीड दिवसाच्या आसपास चालते. म्हणून रोज सकाळी ठरल्या वेळी चावी देणे आले. ते काम आम्ही भावंडांनी धाकट्या भावाच्या मुलीकडे सोपविले आहे. तिचे मराठी आमच्याइतके स्वच्छ नाही आणि तिचे कन्नड आमच्यापेक्षा कितीतरी चांगले आहे. परवा दोड्ड गडियाराजवळून जाताना तिने मान वर करून तेथील कन्नड आकडे मोठ्याने वाचले, मग आपल्या मनगटाकडे पाहिले आणि सांगितले की आजोबांचे घड्याळ दोन मिनिटे मागे आहे.

'दोन दिवस चावी द्यायची राहिली होती का?' आम्ही विचारले.

'नाही,' ती म्हणाली, 'चावी रोज देते. वेळ लावायची राहिली.'

तिने तेथेच उभे राहून बटण ओढले आणि काटे जुळवून घेतले.